कान गार लागले तेव्हा...

परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्ही कुठे असता? मी गोठ्यात होतो.

आमच्या कोपरगावकडे रान उसाचं, पण घरखर्च दुधावर. उसाचं बिल यायला वर्ष-दीड वर्ष जातं, दुधाचा पगार मात्र दर दहा दिवसांनी. आमच्या दावणीला चार संकरित गायी. पहाटे शेण काढायचं, वैरण टाकायची, धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं आणि मग कॉलेजची एसटी गाठायची. संध्याकाळी पुन्हा तेच. दिवाळी असो की पेपर, गोठ्याला सुट्टी नसते.

त्या रात्री चंद्रीला व्यायला दोनच दिवस झाले होते. मी एका हातात नोट्स धरून गव्हाणीत कुट्टी टाकली आणि वळलो. आजी मात्र तिथंच थांबली. चंद्री बसून होती, मान कुशीकडे वळवलेली. रवंथ बंद. आजीनं तिच्या कानाला हात लावला.

‘‘कान गार पडलेत रे. डॉक्टरांना फोन लाव!’’

मी घाईघाईनं औषधाची बाटली पाजायला निघालो, तर आजीनं हात धरला. ‘‘तिला नीट गिळता येत नाही आता. फुफ्फुसात जाईल.’’ गाय आडवी पडली तर पोट फुगतं, म्हणून आम्ही तिला दोन्ही बाजूंनी भुसा भरलेल्या गोण्यांचा टेकू दिला.

डॉक्टर म्हणाले, दुग्धज्वर. नावात ज्वर, पण ताप नाहीच. उलट अंग गार पडतं. व्याल्यावर चिकातून आणि दुधातून शरीरातलं कॅल्शियम एकदम बाहेर जातं. रक्तातलं कमी पडलं की स्नायू ढिले होतात आणि गाय उठूच शकत नाही. तिसऱ्या वेतापासून पुढच्या, भरपूर दूध देणाऱ्या गायींना धोका जास्त. उपचार मिळाले नाहीत तर काही तासांत खेळ खलास.

त्यांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, तेही अगदी सावकाश, मध्येमध्ये हृदयाचे ठोके ऐकत. भरभर दिलं तर हृदय बंद पडू शकतं. तासाभरात चंद्रीनं शेण टाकलं, धडपडत उठली आणि वासराकडे बघून हंबरली. आजीनं पदरानं डोळे पुसले.

मी बी.एस्सी.ला आहे. शरीरात कॅल्शियमचं काम काय, हे मला पाठ होतं. शाळेची पायरी न चढलेल्या आजीला ते माहीत नव्हतं. पण चार गायींपैकी कोण कशी बसते, किती खाते, कधी रवंथ करते, हे तिला माहीत होतं. म्हणून तर बिनसलेलं तिला लगेच दिसलं. मी वैरण टाकत होतो, ती गाय बघत होती.

पेपर बरा गेला. घरी आल्यावर आजीनं आधी चहा दिला, मग म्हणाली, ‘‘जा, चंद्रीला बघून ये.’’

आता रोज झोपण्याआधी गोठ्यात एक चक्कर असते. मोबाईल खिशात आणि हात गायीच्या कानावर.