विषारी व ज्वालाग्राही वायूची गळती : बंब येण्यापूर्वी आणि आल्यानंतर

धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात वाघाडी गावानजीकच्या एका रसायनांच्या कारखान्यात दि. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी सकाळी भीषण स्फोट झाला. त्यात किमान १३ माणसे प्राणास मुकली व कित्येक जखमी झाली. त्या दुर्घटनेची आठवण खानदेशात अजून ताजी आहे. आग व वायू यांच्याशी झुंजणे हे अग्निशामक दलाचे काम. ते शेतीविषयक पत्रिकेत कशासाठी, असे काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर सोपे आहे. बंब तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावाहून निघतो आणि त्यास पोहोचण्यास वेळ लागतो. तोपर्यंत जो माणूस धावून जातो, तो शेजारच्या शेतात पाणी भरणारा शेतकरी असतो, नाहीतर गावचा ग्रामसेवक असतो. धावून जाणे हा आपला स्वभाव आहे व तो चांगलाच आहे. परंतु वायूच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो.

मुंबई–आग्रा महामार्ग धुळे व शिरपूरवरून जातो आणि सुरत–नागपूर महामार्ग धुळ्यास त्याला छेदून पुढे जळगावकडे वळतो. या दोन्ही रस्त्यांवरून स्वयंपाकाच्या वायूचे व अन्य रसायनांचे टँकर अहोरात्र धावतात. शीतगृहांत व दूध शीतकरण केंद्रांत थंडावा आणण्यासाठी अमोनिया वापरतात. रावेर–यावल भागातील केळी पिकविण्याच्या खोल्यांत इथिलीन सोडतात. शेकडो शेतकऱ्यांच्या गोठ्यामागे गोबरगॅसचे संयंत्र आहे. सारांश, धोका दूरच्या कारखान्यातच आहे असे नव्हे.

प्रथम वाऱ्याची दिशा पाहावी. खळ्यावर धान्य उपणताना आपण मूठभर भूस वर टाकून वारा कोणत्या अंगाने आहे ते पाहतो. तीच युक्ती येथे उपयोगी पडते. मूठभर कोरडी माती सोडावी, अथवा देवळावरील ध्वजाकडे पाहावे. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूस जावे, आणि शक्य तितक्या उंचवट्यावर थांबावे. बंबाच्या जवानांनाही याच बाजूने आणावे. रस्ता दाखविणाऱ्या माणसाने जवळचा म्हणून वाऱ्याखालचा रस्ता दाखवू नये. चार मैलांचा वळसा पडला तरी चालेल. हिवाळ्यातील निवांत रात्री वारा जवळजवळ पडलेला असतो. अशा वेळी वायू पांगत नाही आणि सखल भागात साचून राहतो, हे विशेष ध्यानात ठेवावे.

स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. त्यामुळे उलटलेल्या टँकरमधून निघालेला वायू वर न जाता नाल्यातून, चरीतून व बांधाच्या कडेने पाण्यासारखा उताराकडे वाहतो आणि जवळच्या विहिरीतही उतरतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्क्यांपासून साडेनऊ टक्क्यांपर्यंत असले की ठिणगी पडताच तो पेटतो. म्हणून परिसरातील विजेच्या मोटारींचे स्टार्टर चालू अथवा बंद करू नयेत, ट्रॅक्टर सुरू करू नये, चूल पेटती असल्यास ती दूर असतानाच पाण्याने विझवावी आणि विडी तर काढूच नये. भ्रमणध्वनीचा वापर धोक्याच्या हद्दीबाहेर जाऊनच करावा. वीज वितरण कार्यालयास कळवून वाहिनी लांबून बंद करवून घेणे हे योग्य होय. नुसती गळती असल्यास वाऱ्याखालची वस्ती निदान ८०० मीटरपर्यंत हलवावी. टाकी आगीत सापडली असल्यास सर्व बाजूंनी १६०० मीटरपर्यंत.

येथे एक गोष्ट गावकऱ्यांना उलटी वाटते. टाकीच्या फटीतून वायू पेटून झोत निघत असेल, तर तो झोत विझवू नये. वायूचा मार्ग बंद करता येत नसताना ज्वाळा विझविली तर वायू निघतच राहतो, पसरतो आणि कोठेतरी ठिणगी मिळताच सर्व परिसर एकदम पेट घेतो. जाणते अग्निशामक ज्वाळा जळू देतात आणि पाण्याचा मारा टाकीच्या अंगावर करतात. टाकीच्या ज्या भागात द्रव असतो तेथील पत्रा आतील द्रवामुळे फार तापत नाही; परंतु वरच्या रिकाम्या भागास ज्वाळा लागली की पोलाद मऊ पडते आणि टाकी फुटते. यास कित्येकदा दहा-पंधरा मिनिटेही पुरतात. सुरक्षा झडपेचा शीळ घातल्यासारखा आवाज वाढत गेला किंवा पत्र्याचा रंग पालटला, तर जवानांनीही सर्व सोडून मागे हटावे. गावकऱ्यांनी तेथे बघ्यांची गर्दी करणे हा तर शुद्ध अविचार आहे.

अमोनियाची तऱ्हा वेगळी. तो हवेपेक्षा हलका आहे. परंतु द्रवरूपातून एकदम सुटला की थंड धुक्यासारखा जमिनीलगत सरकतो. एक लिटर द्रवापासून आठशे लिटरांहून अधिक वायू होतो. बंद खोलीत त्याचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर गेले तर तोही पेट घेतो, हे शीतगृहांच्या कित्येक चालकांनाही ठाऊक नसते. जानेवारी २०१८ मध्ये गोव्यात चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा झोपेतील रहिवाशांना घराबाहेर काढून दूर न्यावे लागले. अमोनिया पाण्यात फार विरघळतो. म्हणून जवान वायूच्या ढगावर पाण्याचे बारीक तुषार मारतात. मात्र जमिनीवर साचलेल्या द्रवावर पाणी ओतू नये. पाण्याच्या उष्णतेने तो अधिकच उकळतो व ढग वाढतो. सुटका करून घेताना ओले फडके नाकातोंडाशी धरल्यास थोडी मदत होते. तेवढ्या आधारावर आत शिरू नये. डोळ्यांत गेल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. अंगास चिकटून गोठलेले कपडे ओढून काढू नयेत, आधी पाण्याने सैल करावेत; तूप, तेल, हळद काही लावू नये.

आता गोबरगॅसविषयी. मध्यंतरी शेतकऱ्यांच्या एका सभेत एका वृद्ध गृहस्थांनी सांगितले की, जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील दोरीने खाली सोडावा. विझला तर उतरू नये. ही रीत वडिलोपार्जित आहे. तिच्यात तथ्य आहे, कारण ज्योत विझणे म्हणजे खाली प्राणवायू कमी असणे. तथापि ज्योत जळत राहिली म्हणजे विषारी वायू नाहीच, असे मात्र ठरत नाही. आणि हीच रीत गोबरगॅसच्या खड्ड्यास लावली तर कंदील विझण्याऐवजी स्फोट होईल, कारण त्यात मिथेन असतो व तो हवेत ५ ते १५ टक्के असताना भडकतो. त्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइडही असतो. त्यास कुजक्या अंड्याचा वास येतो हे खरे. पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटते. असा माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. मग भाऊ उतरतो, भावामागे मुलगा उतरतो. एकाच घरातील दोन-तीन माणसे एका खड्ड्यात गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येत असतात, त्या याच रीतीने घडलेल्या असतात.

खड्ड्यात पडलेल्या माणसास काढणे हे श्वसनयंत्र लावलेल्या व कमरेस दोर बांधलेल्या जवानाचेच काम आहे. तोंडावर बांधलेले उपरणे, मग ते ओले असो वा कोरडे, या वायूपुढे निरुपयोगी ठरते. बाहेर उभे राहून करता येण्याजोगे काम थोडे आहे, परंतु मोलाचे आहे. झाकण व सर्व तोंडे उघडावीत, जवळपासची आग विझवावी, इतरांना उतरू देऊ नये आणि दोर, शिडी तयार ठेवावी. पडलेल्या माणसाच्या अंगाभोवती आधीच दोर बांधलेला असता तर त्यास वरूनच ओढता आले असते. यास्तव साफसफाईस माणूस उतरविण्याची वेळ आलीच तर दोराशिवाय उतरवू नये. खरे पाहता उतरविण्याची वेळ येऊ न देणे हेच बरे. गाळ बाहेरून पंपाने उपसावा.

ग्रामसेवकाने बंबास वर्दी देताना केवळ ‘टँकर उलटला’ एवढेच सांगू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये धोकादायक माल वाहणाऱ्या टँकरवर माहितीचा फलक लावणे आवश्यक आहे. त्यावर चार आकडी क्रमांक असतो. १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा वायू, १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन. फलकावर तातडीने संपर्क साधण्याचा दूरध्वनी क्रमांकही दिलेला असतो. हा मजकूर वाऱ्याच्या बाजूने, सुरक्षित अंतरावरून वाचता आला तरच वाचावा आणि १०१ किंवा ११२ वर कळवावा. त्याबरोबरच वारा कोणीकडून आहे, आग आहे की नुसती गळती, किती माणसे आत आहेत आणि पाण्याची विहीर अथवा शेततळे वाऱ्याच्या कोणत्या अंगास आहे, हे सांगावे. बंबातील पाणी थोड्याच वेळात संपते. पुढे टाकी तासन्‌तास थंड ठेवण्यास पाणी लागते, ते गावाच्या तळ्यातूनच घ्यावे लागते.