दिशादर्शक दिव्यांतील बिघाड

वाहन कोणत्या बाजूला वळणार आहे हे इतरांना कळविण्यासाठी वाहनाच्या पुढे, मागे आणि काही वाहनांत बाजूंनाही उघडझाप करणारे पिवळसर नारिंगी दिवे बसविलेले असतात. त्यांना दिशादर्शक दिवे म्हणतात. व्यवहारात इंडिकेटर हाच शब्द रूढ आहे. हे दिवे न लागणे, चुकीच्या वेगाने लुकलुकणे, किंवा ते चालू असल्याचा ‘टिक-टिक’ आवाज चालकाला ऐकू न येणे, असे त्यांच्यातील बिघाडाचे मुख्य प्रकार आहेत. पहिल्या दोन प्रकारांत मागील वाहनाला सूचना मिळत नाही किंवा नीट मिळत नाही. तिसऱ्यात चुकीची सूचना मिळत राहते. वळण संपल्यावरही चालू राहिलेला उजवा इंडिकेटर पाहून मागचा चालक थांबतो किंवा डावीकडून पुढे काढतो, आणि दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत.

रचना आणि कार्य

बॅटरीतून निघालेला प्रवाह फ्यूज, फ्लॅशर आणि डावी-उजवीचा स्विच या मार्गाने दिव्यांपर्यंत जातो व वाहनाच्या लोखंडी सांगाड्यातून, म्हणजे अर्थिंगमधून, परततो. प्रवाह ठरावीक वेगाने तोडण्या-जोडण्याचे काम फ्लॅशर करतो. जुन्या औष्णिक फ्लॅशरमध्ये द्विधातूची पट्टी प्रवाहाने तापून वाकते आणि संपर्क तोडते. नंतरच्या प्रकारांत हे काम रिले किंवा इलेक्ट्रॉनिक मंडल करते. १२ व्होल्टच्या मोटारीत पुढचा आणि मागचा असे प्रत्येकी २१ वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह घेतात. निदानासाठी हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण एक बल्ब गेला की प्रवाह निम्मा होतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर हा फरक ओळखून उघडझाप जवळजवळ दुप्पट वेगाने करतो. औष्णिक फ्लॅशरची पट्टी मात्र पुरेशी तापत नाही, त्यामुळे उरलेला दिवा न लुकलुकता नुसता पेटून राहतो. थोडक्यात, बदललेला वेग हा बहुधा फ्लॅशरचा दोष नसून त्याने दिलेला इशारा असतो. तरीही अनेक ठिकाणी आधी फ्लॅशर बदलला जातो आणि बल्ब मागाहून पाहिला जातो.

बिघाडाचे निदान

सर्वप्रथम धोकासूचक स्विच, म्हणजे चारही दिवे एकत्र लावणारा स्विच, दाबून पाहावा. चारही दिवे लागले तर बल्ब, अर्थिंग आणि बहुतेक वाहनांत फ्लॅशरही शाबूत असतो. दोष डावी-उजवीच्या स्विचमध्ये किंवा इंडिकेटरच्या स्वतंत्र फ्यूजमध्ये शोधावा. काहीच लागले नाही तर फ्यूज आणि फ्लॅशर पाहावेत. अनेक वाहनांत इंडिकेटरचा प्रवाह धोकासूचक स्विचमधूनच जातो. तो स्विच गंजल्यास इंडिकेटर कधी लागतात, कधी लागत नाहीत. स्विच दहा-वीस वेळा दाबल्यावर ते सुरू झाले तर दोष तिथेच आहे असे समजावे.

एकाच बाजूचा वेग वाढला असेल तर त्या बाजूचा बल्ब गेलेला असतो किंवा कमी वॅटचा बसविलेला असतो. मालवाहतुकीच्या ताफ्यात लहान टेम्पो १२ व्होल्टचे आणि मोठे ट्रक २४ व्होल्टचे असल्याने बल्बांची अदलाबदल होते. १२ व्होल्टचा बल्ब ट्रकमध्ये लगेच उडतो. २४ व्होल्टचा बल्ब टेम्पोत लागतो, पण इतका मंद की दिवसा दिसत नाही. हा दोष वरवर पाहता लक्षात येत नाही.

कोकणपट्टीच्या पावसाळ्यात सर्वाधिक त्रास अर्थिंगचा होतो. होल्डरमध्ये पाणी शिरून गंज चढतो, प्रवाहाला परतीची वाट मिळत नाही आणि तो शेजारच्या दिव्याच्या तारेतून मार्ग काढतो. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटणे किंवा इंडिकेटरबरोबर मागचा लाल दिवाही लुकलुकणे ही याची ओळख होय. खात्रीसाठी दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक होल्डरच्या अर्थला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. आकडा शून्याच्या जवळ असावा. अर्धा व्होल्ट वा अधिक दिसल्यास अर्थची तार सोडवून, जागा घासून पुन्हा घट्ट बसवावी.

दिवा लागतो पण दिसत नाही, हाही बिघाडच आहे. पारदर्शक काचेमागील रंगीत बल्बचा रंग उडून तो पांढरा दिसू लागतो, काचेवर चिखल बसतो, ताडपत्रीचे टोक दिव्यावर लोंबते. यांपैकी कशाचीही सूचना चालकाच्या मीटरवर येत नाही.

एलईडी दिवे बसविल्यावर

एलईडी अत्यल्प प्रवाह घेतात, म्हणून जुना फ्लॅशर ‘बल्ब गेला’ असे समजून वेग वाढवितो. यावर समांतर रोधक जोडण्याची पद्धत आहे. १२ व्होल्टला ६ ओहमचा रोधक सुमारे २४ वॅट उष्णता देतो, त्यामुळे तो प्लास्टिकला किंवा तारांना टेकवून बसविणे धोक्याचे असते. एलईडीसाठीचा फ्लॅशर बसविणे अधिक योग्य. दुचाकीत आणखी एक अडचण येते. मीटरवर दोन्ही बाजूंसाठी एकच सूचक दिवा असेल तर त्याचा प्रवाह विरुद्ध बाजूच्या बल्बांतून परततो. एलईडी लावताच तेवढ्या प्रवाहावर चारही दिवे लुकलुकू लागतात. अशा वेळी सूचक दिव्याला दोन डायोड व स्वतंत्र अर्थ द्यावा लागतो.

ऐकू न येणारा आवाज

जुन्या वाहनांतील ‘टिक-टिक’ हा फ्लॅशरच्या संपर्कपट्ट्यांचा नैसर्गिक आवाज आहे. नव्या मोटारींत तो मीटरमधील लहान ध्वनिवर्धकातून काढला जातो, आणि काही मोटारींत तो कमी-जास्त करण्याची सोय असते. दिवे व्यवस्थित लागत असूनही आवाज बंद झाला असेल तर तीन शक्यता असतात: ध्वनिवर्धक बिघडला आहे, फ्लॅशर चिकटपट्टीत गुंडाळून डॅशबोर्डमागे खोल बसविला गेला आहे, किंवा संपर्कपट्ट्या नसलेला, म्हणून मुळातच मूक असलेला फ्लॅशर लावला आहे.

चौथे कारण वाहनात नसून चालकाच्या कानात असते. भिवंडी आणि लगतच्या शेलारसारख्या गावांत यंत्रमाग व गोदामांमुळे मालवाहू वाहनांची वर्दळ मोठी आहे, आणि भिवंडी-वाडा रस्त्यावर वळण घेणाऱ्या टेम्पो-रिक्षांत यंत्रमागावर काम केलेले चालकही असतात. मागांच्या शेडमधील आवाज सहसा ९० डेसिबलच्या वर असतो. दीर्घकाळच्या गोंगाटाने येणारे बहिरेपण प्रथम ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांना ग्रासते. फ्लॅशरची टिक-टिक बारीक आणि तीक्ष्ण असल्याने अशा माणसाला संभाषण ऐकू येते, पण ती ऐकू येत नाही. म्हातारपणच्या ऐकू न येण्यातही असेच घडते. रिक्षा आणि दुचाकींच्या हँडलवरील स्विच वळणानंतर सहसा आपोआप पूर्ववत होत नाही आणि भर उन्हात मीटरवरचा दिवा दिसत नाही, त्यामुळे इंडिकेटर मैलभर चालू राहतो.

उपाय म्हणजे खालच्या स्वराचा बझर. तो दोन्ही बाजूंच्या तारांना थेट जोडल्यास डावी-उजवी एकमेकांशी जोडली जाऊन चारही दिवे लागतात. म्हणून प्रत्येक तारेवर एक डायोड घालून मग बझरला जोडणी द्यावी. बझर चालकाजवळ आणि बेताच्या आवाजाचा असावा, कारण कर्कश ध्वनियंत्रांना केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११९ नुसार मनाई आहे. ज्यांना मुळीच ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मीटरवर ठळक सूचक दिवा बसविणे हाच मार्ग उरतो. भारतात कर्णबधिरांना वाहन परवान्याची वाट दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०११ मधील निर्णयाने मोकळी झाली आणि २०१६ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना तशी सूचना दिली.

नियम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ नुसार दिशादर्शक दिव्यांची उघडझाप मिनिटाला ६० पेक्षा कमी आणि १२० पेक्षा अधिक असू नये. घड्याळ लावून १५ सेकंदांत मोजलेली संख्या १५ ते ३० च्या दरम्यान आली तर वेग योग्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील नियम ४८ चालकासाठी दिवा, आवाज किंवा दोन्ही यांपैकी काहीही चालू शकते असे मानतो. मात्र केवळ आवाजच असेल तर तो स्पष्ट ऐकू आला पाहिजे आणि बिघाड होताच त्याचा वेग ठळकपणे बदलला पाहिजे. मालवाहू व प्रवासी व्यावसायिक वाहनांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्या तपासणीत हे दिवे पाहिले जातात.

नियमांत न बसणारी एक प्रथाही महामार्गांवर आढळते. पुढचा ट्रकचालक उजवा इंडिकेटर देतो, आणि तो स्वतः वळणार आहे की मागच्याला पुढे जाण्यास सांगतो आहे हे मागच्याला उमगत नाही. चालू राहून गेलेला इंडिकेटर ही या गोंधळातील तिसरी शक्यता असते.