नेत्रिका निवडताना

उजनी जलाशयावर भिगवणला रोहित पक्षी पाहण्यासाठी स्पॉटिंग स्कोप घेत असाल, तर त्याच्या आयपीसवरील, म्हणजेच नेत्रिकेवरील, ‘६० पट’ या आकड्याला भुलू नका. ६० मि.मी. भिंगाच्या स्कोपमधून २० पट मोठे पाहताना डोळ्याकडे येणारा प्रकाशझोत ३ मि.मी. रुंद असतो, ६० पटीला तो अवघा १ मि.मी. उरतो. दृश्य अंधारते, उन्हाच्या झळांनी थरथरते आणि उतारवयात डोळ्यांत तरंगणारे ठिपके पक्ष्यांवरच नाचू लागतात. (हे ठिपके एरवीही एकाएकी वाढले किंवा डोळ्यांत प्रकाश लखलखू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे.) २५ किंवा ३० पटीची, रुंद दृष्टिक्षेत्राची नेत्रिका अधिक सुखाची.

चष्मा असल्यास ‘आय रिलीफ’ अवश्य विचारा. डोळा नेत्रिकेपासून किती दूर ठेवूनही संपूर्ण दृश्य दिसते, त्याचे हे माप. ते १८ ते २० मि.मी. असावे. साधा नंबर फोकस फिरवून सांभाळता येतो, परंतु सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर चष्मा लावूनच पाहावे लागते. घरातील ज्येष्ठांसाठी खरेदी असेल, तर त्यांना दुकानात सोबत न्या आणि त्यांच्याच चष्म्यातून त्यांना निवांत पाहू द्या.