घास आणि श्वास

जेवताना ठसका लागला की कुणीतरी आठवण काढली असे म्हणत आपण पाण्याचा पेला पुढे करतो. धडधाकट माणसाच्या बाबतीत ते खपून जाते. लकव्याने अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांना मात्र तोच पेला घातक ठरू शकतो. आणि त्याहून घातक असतो तो न लागलेला ठसका.

घास घशात उतरताना स्वरयंत्र वर उचलले जाते, त्यावरचे झाकण मिटते, श्वास क्षणभर थांबतो आणि अन्न अन्ननलिकेकडे वळते. हे सारे सुमारे एका सेकंदात घडते. लकवा, कंपवात वा स्मृतिभ्रंश झाला की हा मेळ बिघडतो. घशाची जाणीवच बोथट झाली असेल, तर अन्नाचा अंश श्वासनलिकेत गेला तरी खोकला येत नाही. आजोबा आज पोटभर जेवले म्हणून घर समाधानात असते, आणि काही दिवसांत ताप चढून न्यूमोनिया निघतो.

शुश्रूषेच्या शिक्षणासाठी परदेशांत आता आभासी वास्तवाचा चष्मा वापरू लागले आहेत. तो डोळ्यांवर चढवला की शिकणारा रुग्णाच्या खोलीत जाऊन उभा राहतो, किंवा रुग्णाच्या खुर्चीतच बसतो. वरून झपाट्याने येणारा चमचा कसा वाटतो ते त्याला कळते. घास अडकल्याचा प्रसंग कोणाच्याही जिवाला धोका न होता पुन्हा पुन्हा पाहता येतो. ही सोय आम्हांला मोलाची वाटते. तथापि चमच्यातल्या पेजेचा दाटपणा त्या चष्म्याने हाताला कळत नाही, तो हातानेच शिकावा लागतो.

छिंदवाड्यातून वेगळा होऊन २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. त्यातील पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांत वृद्धांचा आश्रम म्हणजे बहुधा घरच, आणि तेथील परिचारिका म्हणजे सून, लेक, क्वचित नातू. मोठ्या दुखण्याला नागपूर गाठायचे, आणि परतल्यावर चमचा घरच्यांच्याच हाती यायचा. तेव्हा हे शिक्षण खरोखर हवे ते त्यांना. त्यासाठी चष्माच हवा असेही नाही. महिला मंडळाच्या बैठकीत एकीने हात मांडीवर ठेवून निमूट बसावे आणि दुसरीने तिला उभ्याने भरवावे. खाली बसून, डोळ्यांच्या पातळीवरून का भरवायचे, हे लगेच पटते.

‘पातळ काहीतरी द्या’ हा आपल्याकडचा लाडका सल्ला. पुष्कळ रुग्णांना पाणी, चहा, ताक हेच सर्वांत अवघड जाते, कारण पातळ द्रव घशाची तयारी होण्याआधीच घसरतो. जगभरच्या तज्ज्ञांनी अन्नपाण्याच्या दाटपणाच्या ० ते ७ अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. द्रव मोजण्याची त्यांची रीत तर मजेदार आहे: ठराविक मापाच्या १० मिलिलिटरच्या सिरिंजमधून, सुई न लावता, तो १० सेकंद वाहू द्यायचा आणि किती उरला ते पाहायचे. पाणी सगळे निघून जाते. ४ ते ८ मिलिलिटर उरले तर द्रव दुसऱ्या पायरीचा. कोणाला कोणती पायरी मानवेल हे मात्र गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनीच ठरवावे. दाट केलेले पाणी आवडत नाही म्हणून रुग्ण पाणीच कमी पितात, हाही धोका आहेच. शिवाय पिठाने दाट केलेला पदार्थ लाळेने पुन्हा पातळ होतो. उष्टा चमचा वाटीत बुडवत राहिले की वाटी हळूहळू पाणचट होते.

या भागाचे वैभव असलेली संत्री येथे अडचणीची ठरतात. फोड दातांखाली फुटते, रस पुढे पळतो आणि साल तोंडात उरते. एकाच घासात पातळ आणि चिवट. म्हणून पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीही नाकारायची काय? तज्ज्ञांनी मुभा दिली असेल तर दुधात सैल केलेले, गुठळी नसलेले पुरण चमच्याच्या टोकावर देता येते. चवीला मुकलेला माणूस जेवणालाच कंटाळतो, हे विसरून चालत नाही.

आणखी एक साधी गोष्ट तोंडाच्या स्वच्छतेची. जपानमधील ११ वृद्धाश्रमांत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नियमित दात-तोंड साफ केलेल्या वृद्धांना न्यूमोनिया कमी झाल्याचे दिसले. दात नसलेल्यांनाही हा लाभ होता.

भरवताना रुग्ण पूर्ण जागा आणि ताठ बसलेला असावा, घास लहान असावा, आधीचा गिळल्यावाचून पुढचा देऊ नये आणि जेवणानंतर अर्धा तास तरी त्याला आडवे करू नये. दोन घासांच्या मध्ये त्याला काही बोलायला लावावे. आवाज ओलसर, घरघरता आला तर ताट बाजूला ठेवावे आणि ही खूण डॉक्टरांच्या कानी घालावी.