गल्ल्यातली तूट कुणाच्या पगारातून?

गल्ल्यातून रोकड गेली की बहुतेक ठिकाणी पहिली कारवाई होते ती पगारपत्रकात. पोलीस ठाण्याची पायरी नंतर चढली जाते, किंवा चढलीच जात नाही. औषधांचं दुकान असो, पेट्रोल पंप असो, पतसंस्थेची शाखा असो, रीत सगळीकडे सारखी. रात्री हिशेब करताना रोकड आणि रोजमेळ जुळत नाहीत. ड्युटीवर कोण कोण होतं ते पाहिलं जातं आणि महिनाअखेरीस चौघांच्या पगारातून सारखी रक्कम वजा होते. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, "गल्ल्यावर तुम्हीच होतात ना?" पंधरा-अठरा हजारांत घर चालवणारा माणूस नोकरी जाईल या भीतीने गप्प बसतो. पुढे त्याच्या गप्प बसण्याचाच अर्थ कबुली असा लावला जातो.

हे दुखणं जुनं आहे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कापडात खोट निघाली की ते कापड विणकराच्याच माथी मारायचं आणि त्याची किंमत पगारातून वळती करायची, अशी पद्धत होती. दंड आणि कपातींच्या अशा तक्रारी १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनने, म्हणजे व्हिटली कमिशनने, ऐकून घेतल्या आणि पुढे १९३६ मध्ये वेतन प्रदान कायदा आला. मालकाला पगारातून काय कापता येईल याची यादी त्या कायद्याने केली. यादीत नाही ते कापता येत नाही, हे त्याचं मूळ सूत्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली आहे. जुना कायदा शेवटी शेवटी महिना २४ हजारांपर्यंतच्या पगारालाच लागू होता. संहितेत ती मर्यादा नाही, त्यामुळे सुपरवायझर आणि मॅनेजरही तिच्या संरक्षणात आले आहेत. रोकड गहाळ झाल्याबद्दलची तरतूद मात्र जवळपास जुन्याच शब्दांत कायम राहिली आहे, आणि खासगी नोकरीत रोकड हाताळणाऱ्या प्रत्येकाने ती नीट समजून घ्यायला हवी.

संहितेच्या कलम १८ नुसार हरवलेल्या पैशांपोटी पगारातून कपात होऊ शकते, पण केव्हा? त्या पैशांचा हिशेब देणं हे त्या कर्मचाऱ्याचं काम असलं पाहिजे, आणि नुकसान थेट त्याच्याच हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे झालेलं असलं पाहिजे. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. कॅशियर पहिल्या अटीत बसतो. शेजारी कापड दाखवणारा सेल्समन बसत नाही. आणि कॅशियरच्या बाबतीतसुद्धा पैसे गेले एवढ्यावर दुसरी अट पुरी होत नाही. एकाच गल्ल्यात चार जणांचे हात जात असतील, तिजोरीची दुसरी किल्ली मालकाच्या भावाकडे असेल, कॅमेरा महिनाभर बंद असल्याचं सांगूनही दुरुस्त केला नसेल, तर त्या तुटीचं खापर एकाच माणसाच्या हयगयीवर कसं फोडणार? चौघांच्या पगारातून सारखी वाटून केलेली कपात तर या कसोटीवर उभीच राहत नाही, कारण ती करताना कोणाची हयगय हे ठरवलेलंच नसतं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. गल्ला उघडा टाकून चहाला जाणं, रोजची रोकड बँकेत भरण्याचा लेखी आदेश असताना ती तीन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवणं, बिलिंगच्या संगणकाचा आपला पासवर्ड सगळ्यांना सांगून ठेवणं, ही हयगय आहे. ती सिद्ध झाली तर कपात योग्यच ठरेल. पण तेव्हाही कलम २१ आड येतं. प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा एक रुपयाही जास्त कापता येत नाही. कापण्याआधी कर्मचाऱ्याला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावीच लागते आणि कपातीची नोंद नोंदवहीत करावी लागते. शिवाय पीएफसह सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्यापलीकडे जाऊ शकत नाहीत. म्हणजे अठरा हजार पगार असणाऱ्याकडून चाळीस हजारांची तूट एका महिन्यात वसूल करता येत नाही. त्याच्या हातात नऊ हजार पडलेच पाहिजेत.

काही ठिकाणी हीच रक्कम 'दंड' म्हणून दाखवतात. दंडाची मर्यादा याहून कडक आहे: त्या वेतनकाळातल्या वेतनाच्या तीन टक्के. अठरा हजारांवर ५४० रुपये. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. 'तुटीचा हिशेब लागेपर्यंत' तो अडकवून ठेवण्याची मुभा कायद्यात नाही.

आता चोरी उघडकीला येते त्या क्षणाकडे येऊ. कर्मचाऱ्याची खरी जबाबदारी तिथे सुरू होते, आणि पुढचं बरंच काही त्या पहिल्या तासावर अवलंबून असतं. तूट दिसताच वरिष्ठांना कळवायचं, तेही लेखी. साधा व्हॉट्सॲप संदेश चालेल, कारण त्यावर वेळ उमटते. दोघांच्या समोर रोकड मोजायची, कुठल्या नोटा किती ते लिहायचं, सह्या घ्यायच्या. कुलूप फोडलेलं असेल तर हात लावायचा नाही. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी त्याच दिवशी लेखी करायची. कॅमेरा निर्दोष माणसाचाही साक्षीदार असतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये: कमी पडलेले पैसे गुपचूप स्वतःच्या खिशातून भरणं. मन प्रामाणिक असलं तरी त्यामुळे रोजमेळ खोटा होतो, खरा चोर निसटतो आणि उद्या तीच गोष्ट तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येते. दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट दरोड्याची. रात्री पंपावर कोणी चाकू दाखवला तर पैसे द्यायचे. रोकड वाचवण्यासाठी जीव धोक्यात घालणं कुणाच्याही नोकरीचा भाग नाही. अशा वेळी पैसे गेले तर ती कर्मचाऱ्याची हयगय होत नाही. कामावर असताना हल्ल्यात इजा झाली तर ईएसआय लागू असणाऱ्याला तिथून, इतरांना मालकाकडून भरपाई मागता येते.

पोलिसांत तक्रार मालकानेच द्यायला हवी असं नाही. गुन्ह्याची माहिती असणारा कोणीही ती देऊ शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घटना कुठल्याही ठाण्याच्या हद्दीतली असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि तक्रारदाराला एफआयआरची प्रत फुकट द्यावी लागते. दुकानाची बदनामी नको म्हणून तक्रार टाळणारे मालक आपलंच नुकसान करतात. रोकडीसाठी मनी इन्शुरन्स आणि नोकराच्या अप्रामाणिकपणासाठी फिडेलिटी गॅरंटी असे विमे मिळतात, पण पोलिसांतल्या नोंदीशिवाय दावा पुढे सरकणं कठीण. पगारकपातीचा मार्ग विम्याच्या हप्त्यापेक्षा सोपा वाटतो, म्हणून हे विमे लहान धंद्यांत फारसे घेतले जात नाहीत, असं माझं मत आहे.

पोलीस येण्याआधी दुकानाच्या मागच्या खोलीत जे घडतं त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मोबाइल काढून घेणं, अंगझडती, "लिहून दे, नाहीतर आत टाकीन" अशी धमकी, कोरा चेक, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सही. मालकाला कर्मचाऱ्याच्या संमतीशिवाय झडती घेण्याचा अधिकार नाही. कबुली काढण्यासाठी किंवा पैसे परत मिळवण्यासाठी एखाद्याला कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. समोर चोरी करताना पकडलेल्या माणसालाही विनाकारण उशीर न लावता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं.

आणि धमकी किंवा आमिष दाखवून लिहून घेतलेल्या कबुलीचं काय? भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २२ नुसार अधिकारपदावरच्या व्यक्तीने अशा मार्गाने मिळवलेली कबुली फौजदारी खटल्यात ग्राह्य नसते. चोरीच्या तपासात नोकरापुढे मालक हा अशी व्यक्ती असू शकतो. दबावाखाली सही केली असेल तर दुसऱ्याच दिवशी स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने तसं कळवून टाकावं. सहा महिन्यांनी सांगितलेली तीच गोष्ट कमी पटते.

संशय पोलिसांपर्यंत गेला तर भारतीय न्याय संहितेची दोन कलमं लागू शकतात. मालकाच्या ताब्यातली वस्तू नोकराने चोरली तर कलम ३०६, विश्वासाने सोपवलेली रक्कम लांबवली तर कलम ३१६. दोन्हींत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्णेश कुमार प्रकरणात दिलेलं मार्गदर्शन इथे कामी येतं. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही, तिची गरज नसेल तर आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. नोटीस आली की हजर राहायचं, टाळायचं नाही. साक्षीदार म्हणून दिलेल्या जबाबावर पोलीस सही मागू शकत नाहीत.

खात्यांतर्गत चौकशी ही वेगळी वाट आहे, आणि अनेकांची फसगत इथेच होते. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, चौकशीत संभाव्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढं पुरतं. रक्कम किरकोळ आहे म्हणून नोकरी वाचत नाही. कर्नाटकातल्या एका बस कंडक्टरची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली, रक्कम होती ३६० रुपये ९५ पैसे. एसटीच्या कंडक्टरांच्या ग्रॅच्युइटीचा प्रश्न फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथेच आला. भाड्याचे पैसे लांबवल्याचं चौकशीत सिद्ध झालं असेल तर फौजदारी शिक्षा झालेली नसतानाही ग्रॅच्युइटी जप्त करता येते असं न्यायालयाने म्हटलं, पण रक्कम लहान असल्याने जप्ती २५ टक्क्यांपुरती मर्यादित ठेवली. पीएफच्या खात्यातली रक्कम मात्र मालकाला जप्त करता येत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला कोलारच्या सोन्याच्या खाणीतल्या एका सुरक्षा अधिकाऱ्याची कथा आहे. १९८५ मध्ये त्याच्या घरावर छापा पडला, साडेचार ग्रॅम सोन्याचा गोळा आणि सोनं मिसळलेली वाळू सापडल्याचा आरोप झाला. तो निलंबित झाला. निर्वाह भत्ता मिळाला नाही, म्हणून केरळातल्या घरून चौकशीसाठी कोलारला येण्याचे पैसेही त्याच्याकडे राहिले नाहीत. त्याच्या गैरहजेरीत चौकशी उरकून त्याला बडतर्फ केलं गेलं. फौजदारी न्यायालयाने त्याच छाप्याच्या पुराव्यावर त्याला निर्दोष सोडलं, पण नोकरी परत मिळाली ती १९९९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. चौदा वर्षं! निलंबित माणसाचा भत्ता अडवणं म्हणजे त्याची बाजूच अडवणं, हे त्या निकालाने स्पष्ट केलं. महाराष्ट्रात तर १९७१ चा कामगार संघटना मान्यता आणि अनुचित प्रथा प्रतिबंध कायदा खोट्या पुराव्यावर फौजदारी प्रकरणात गोवून नोकरीवरून काढणं ही अनुचित कामगार प्रथा मानतो.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या पगारातून अशी रक्कम गेली असेल तर पगाराची पावती, बँकेचा उतारा आणि झालेले संदेश एकत्र करा, कपातीला लेखी हरकत घ्या आणि जवळच्या कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात जा. अर्ज तुम्ही स्वतः किंवा तुमची नोंदणीकृत संघटना करू शकते. कपात कायदेशीर होती हे दाखवण्याचा भार मालकावर आहे. दावा मान्य झाला तर त्या रकमेखेरीज तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. वेतन संहितेखालच्या अर्जाची मुदत तीन वर्षे आहे.