अंध मुलासाठी स्कॅनर घेताना

आपल्या बऱ्याच घरांत तीन लिप्यांचे कागद एकाच कपाटात असतात. शाळेची पुस्तके मराठी, अब्बांच्या किताबा उर्दू, बँकेचे आणि दवाखान्याचे कागद इंग्रजी. घरातले मूल दृष्टिहीन असेल, तर या प्रत्येक कागदासाठी त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांची वाट पाहावी लागते. बहिणीला सवड मिळाली तर धडा, भाईजान कामावरून आले तर पत्र. दहावीपर्यंत हे कसेबसे निभावते. पुढे कॉलेजची जाडजूड पुस्तके येतात, बहीण सासरी जाते आणि हुशार मुलाचा अभ्यास तिथेच थांबतो. आम्ही शिक्षक मंडळींनी हे पाहिलेले आहे.

संगणक आता बोलतो, हे बहुतेकांना ठाऊक झाले आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. त्यातला ‘एनव्हीडीए’ पूर्णपणे मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने २००६ मध्ये तो तयार करायला घेतला. त्याच्यासोबत येणारा ‘ईस्पीक’ हा आवाज मराठी आणि उर्दूही वाचतो. आवाज जरा यंत्रासारखा आहे, पण आठ-पंधरा दिवसांत कान सरावतात.

अडचण छापील कागदाची आहे. स्कॅनर पानाचा फक्त फोटो काढतो आणि फोटोपुढे स्क्रीन रीडर मुका होतो. फोटोतली अक्षरे ओळखून त्यांचा खरा मजकूर बनवणारे सॉफ्टवेअर वेगळे असते. त्याला ओसीआर म्हणतात. अंधांसाठी असे पहिले वाचनयंत्र अमेरिकेत रे कुर्झवाइल यांनी १९७६ मध्ये लोकांपुढे आणले, आणि सुरुवातीच्या ग्राहकांत अंध गायक स्टीव्ही वंडर होते. तेव्हा ते यंत्र अख्खे टेबल अडवत असे. आज तेच काम साधा लॅपटॉप करतो.

लोक आधी दुकानात जाऊन स्कॅनर आणतात आणि सॉफ्टवेअरचे नंतर पाहू म्हणतात. आमच्या मते क्रम उलटा हवा. पहिला प्रश्न भाषेचा आहे. इंग्रजी उत्तम वाचणारी कित्येक महागडी सॉफ्टवेअर देवनागरीपुढे हात टेकतात. म्हणून खोक्यावर किती भाषा लिहिल्या आहेत ते मोजू नका, त्यांत मराठी आणि उर्दू आहे का ते पाहा. ‘टेसरॅक्ट’ हे मोफत ओसीआर या दोन्ही भाषा जाणते. एचपी कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात ते घडले आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ते एकटे वापरणे किचकट आहे, पण ‘नॅप्स-टू’ या मोफत स्कॅनिंग सॉफ्टवेअरमधून ते चालवता येते. हवी ती भाषा एकदा उतरवून घ्यायची. गूगल ड्राइव्हवर फोटो किंवा पीडीएफ चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली, तरी मराठी मजकूर बऱ्यापैकी हाती येतो. मात्र त्याला इंटरनेट लागते आणि कागद घराबाहेर जातो. बँकेच्या कागदाबाबत याचा विचार करावा.

मराठीत ओसीआर कुठे अडते? घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्यांवर, फिक्या छपाईवर आणि जोडाक्षरांवर. समजा शंभरात अठ्ठ्याण्णव अक्षरे बरोबर आली. ऐकायला छान वाटते, पण १,५०० अक्षरांच्या पानावर ३० चुका झाल्या. गोष्टीच्या पुस्तकात ‘घर’चे ‘धर’ झाले तर मूल संदर्भाने समजून घेते. औषधाच्या मात्रेत किंवा रकमेत अंदाज चालत नाही. तेवढे आकडे डोळस माणसाकडून पडताळून घ्यावेत.

उर्दूची गोष्ट याहून अवघड. नस्तालीक लिपीत शब्द तिरका उतरतो, अक्षरे एकमेकांवर चढतात आणि बे, पे, ते यांच्यात फरक फक्त नुक्त्यांचा. कॉम्प्युटरवर जुळवलेली नवी किताब जमेल तशी वाचली जाते. कातिबाच्या हातची, लिथोवर छापलेली जुनी किताब असेल तर फार आशा ठेवू नये. तिथे घरातल्या माणसाचाच आवाज हवा. आणि कुरआन शरीफच्या पानावर हा प्रयोग करूच नये. एक ज़ेर-ज़बर चुकली तरी अर्थ फिरतो. त्यासाठी ब्रेल मुसहफ आहेत, कारींची ध्वनिमुद्रित तिलावत आहे.

दुसरा प्रश्न, सॉफ्टवेअर माऊसशिवाय चालते का? पडदा बंद करा, स्क्रीन रीडर सुरू करा आणि मुलाला फक्त कीबोर्डवरून एक पान स्कॅन करून वाचायला सांगा. एखादे बटण स्क्रीन रीडर नुसते ‘बटण, बटण’ म्हणून वाचत असेल, तर ते सॉफ्टवेअर कितीही देखणे असो, आपल्या कामाचे नाही. उलटे ठेवलेले पान आपोआप सरळ करून घेण्याची सोय असलीच पाहिजे. पान उलटे आहे हे अंध माणसाने कसे ओळखावे?

मग स्कॅनर. सपाट काचेचा फ्लॅटबेड बरा, कारण कागदाचा कोपरा हाताने चाचपून काचेच्या कोपऱ्याला लावता येतो. बाजारातले पातळ, यूएसबीवरच चालणारे स्कॅनर बहुधा सीआयएस जातीचे असतात. सुट्या कागदाला ते पुरतात, पण जाड पुस्तकाचे पान बांधणीजवळ काचेपासून थोडे उचलले जाते आणि तिथल्या ओळी पुसट येतात. सीसीडी जातीचा स्कॅनर जाडजूड आणि महाग असतो, पण पुस्तके तोच नीट घेतो. सारे काम टचपॅनेलवर असलेले यंत्र टाळावे, बोटांना लागणारी बटणे हवीत. ३०० डीपीआय पुरे, बारीक टाइपाला ४००. त्याहून वाढवले तर नुसता वेळ जातो.

मोबाइलवर होत नाही का, असे पालक विचारतात. एखादे पत्र, खोका, पाटी यांसाठी होते. तीनशे पानांचे पुस्तक मोबाइलने काढणे म्हणजे हात भरून येणे. शिवाय खोलीत उजेड आहे की नाही, हे न पाहणाऱ्याला कळत नाही. स्कॅनरचा दिवा त्याच्या पोटातच असतो.

खरेदीपूर्वी आपल्याच घरातली चार पाने घेऊन जा. एक क्रमिक पुस्तकाचे, एक जुने पिवळे पडलेले, एक उर्दू, एक बँकेचे. दुकानदाराच्या चकचकीत इंग्रजी पानावर विश्वास ठेवू नका. आणि मुलाला बरोबर न्या. पसंती त्याच्या कानांची हवी.

स्कॅन करण्याआधी पुस्तक तयार मिळते का, हेही पाहावे. बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात तिच्या संकेतस्थळावर आहेत. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात अंधांसाठीची पुस्तके आहेत. कधी पीडीएफ मिळते, पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमुळे स्क्रीन रीडर भलतेच काही बरळतो. तेव्हा त्याच पीडीएफवर ओसीआर चालवावे, कागद पुन्हा स्कॅन करायची गरज नाही. पुस्तकाची अशी प्रत काढणे चोरी तर नव्हे, ही शंका काहींना येते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्याने अपंग व्यक्तीच्या वाचनासाठी अशी प्रत करायला मुभा दिली आहे. फक्त ती विकून नफा कमवायचा नाही. प्रकाशकाला पत्र लिहून मूळ फाइल मागायलाही हरकत नाही. पत्र त्या मुलालाच लिहू द्यावे.