पहिलं वासरू झालं, मग पहिलारू गाय पुन्हा गाभण का राहत नाही?

अमेरिकेत मांसासाठी गुरं पाळणाऱ्या शेतकऱ्याची गायीकडून एकच अपेक्षा असते: वर्षाला एक वासरू. तिथे या गायींचं दूध विकलं जात नाही, वासरू हीच कमाई. त्यामुळे तपासणीत गाभण नसलेली गाय बहुतेकदा थेट बाजारात जाते. दोन वर्षं खर्च करून वाढवलेल्या पहिलारू गायींवर ही वेळ वरचेवर येते. असं का होतं?

हिशेब ८२ दिवसांचा

गायीचा गर्भकाळ साधारण २८३ दिवसांचा. वर्षातून तेवढे वजा केले की उरतात ८२ दिवस. व्यायल्यानंतर एवढ्यातच ती पुन्हा गाभण राहायला हवी. नीट पोसलेली मोठी गाय दीड-दोन महिन्यांत माजावर येते. पहिलारूला अनेकदा तीन महिने लागतात आणि हिशेब चुकतो.

चारा जातो कुठे?

खाल्लेल्या चाऱ्यातून शरीर आधी स्वतःला जगवतं. दोन वर्षांच्या पहिलारूची स्वतःची वाढही सुरू असते, त्यात वासराला दूध पाजायचं. प्रजननाचा नंबर शेवटी लागतो. ऊर्जा कमी पडली की मेंदूकडून अंडाशयाला मिळणारे संप्रेरकांचे संदेश मंदावतात आणि माज लांबतो.

मग उपाय काय?

दूध सुरू झाल्यावर अंग भरून काढणं अवघड आणि खर्चिक असतं. म्हणून तयारी व्यायच्या आधीच करावी लागते. तिथे गायीच्या अंगकाठीला १ ते ९ गुण दिले जातात. विताना पहिलारूचे गुण ६ च्या आसपास असावेत, असं मानतात. म्हणजे बरगड्या दिसत नाहीत आणि फाजील चरबीही नसते. थोराड गायी तिला चाऱ्यावरून हुसकावतात, म्हणून तिला वेगळं खाऊ घालतात. शिवाय कालवडींमध्ये वळू मोठ्या गायींपेक्षा तीन-चार आठवडे आधी सोडतात. त्या लवकर व्यायल्या की सावरायला तेवढेच दिवस जास्त मिळतात.

आपल्याकडे गाय दुधासाठी पाळली जाते, पण तिच्या शरीराचं गणित हेच आहे. गोठ्यातली पहिलारू माजावर येत नसेल, तर डॉक्टरांना बोलवावंच. सोबत एक प्रश्न स्वतःलाही विचारावा: व्यायच्या आधीचे दोन-तीन महिने तिच्या गव्हाणीत काय पडत होतं?